फार्मसीची पदवी परदेशात चालते का? ठाणे–नवी मुंबईतून सुरुवात करणाऱ्यांसाठी

जून-जुलै आला की माझ्या टेबलासमोर आई-वडील येऊन बसतात. हातात दोन-तीन कॉलेजांची माहितीपत्रकं असतात आणि एका ओळीखाली पेनाने रेघ मारलेली असते: ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त अभ्यासक्रम’. पुढचा प्रश्न ठरलेला. “मॅडम, इथून बी. फार्म. केलं की मुलगी बाहेर कुठेही काम करू शकेल ना?”

मी राहते ठाण्यात, शिकवते नवी मुंबईत. गेली अनेक वर्षं विद्यार्थ्यांच्या परदेशी अर्जांची कागदपत्रं बघून देते. त्या प्रश्नाचं खरं उत्तर असं आहे की फार्मसीच्या पदवीवर एकदा मारला की जगभर चालेल, असा शिक्काच नाही. तो मारणारी संस्थाही नाही. औषधनिर्मात्यांची जागतिक संघटना आहे, एफआयपी, १९१२ साली स्थापन झालेली, नेदरलँड्समधल्या द हेग शहरात. ती शिक्षणाच्या दर्जाबद्दल मार्गदर्शक चौकटी तयार करते, पण कोणाच्या पदवीला मान्यता देत नाही. मान्यता प्रत्येक देश स्वतः ठरवतो, आणि तीही तुमच्या कॉलेजला नाही, तर तुम्हाला, तुमच्या कागदांवरून आणि परीक्षेवरून. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं काम सोपं होतं.

आधी शब्द ओळखून घ्या

माहितीपत्रकात चार-पाच लघुरूपं एका रांगेत छापलेली असतात. प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

पीसीआय म्हणजे फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया. १९४८ च्या फार्मसी कायद्याने तिला अधिकार दिलेत. या कायद्याच्या कलम १२ खाली अभ्यासक्रमाला मंजुरी नसेल, तर त्या पदवीवर औषधनिर्माता म्हणून नोंदणीच होत नाही. देशातही नाही, मग बाहेरची गोष्ट दूरच. नॅक ही राष्ट्रीय संस्था संपूर्ण कॉलेजचं मूल्यांकन करते. एनबीए ही दुसरी राष्ट्रीय संस्था, ती एकेका अभ्यासक्रमाला मानांकन देते.

इथे एक गैरसमज इतका पसरलाय की तो मुद्दाम सांगते. एनबीए २०१४ मध्ये ‘वॉशिंग्टन करारा’ची पूर्ण सदस्य झाली, हे खरं आहे. पण तो करार इंजिनिअरिंगच्या पदव्यांपुरता आहे. फार्मसीचा त्याच्याशी संबंध नाही. एखाद्या बी. फार्म. अभ्यासक्रमाला एनबीए असेल तर चांगलंच, प्रयोगशाळा आणि शिक्षकवर्ग कोणीतरी तपासून गेलंय असा त्याचा अर्थ. ‘एनबीए आहे म्हणून अमेरिकेत चालतं’ असं कोणी म्हणालं, तर त्या माणसाला हा विषय माहीत नाही असं समजा.

आणखी एक नाव कानावर येतं ते एसीपीईचं. ही अमेरिकेतली फार्मसी शिक्षणाची मानांकन संस्था, १९३२ पासूनची. तिची एक आंतरराष्ट्रीय शाखाही आहे, अमेरिकेबाहेरच्या अभ्यासक्रमांना ती वेगळं आंतरराष्ट्रीय मानांकन देते. पण अमेरिकेतल्या कॉलेजला मिळणारं मानांकन आणि हे आंतरराष्ट्रीय मानांकन एकच नव्हे. दुसरं असलं तरी विद्यार्थ्याला परदेशी पदवीधरांसाठीची परीक्षा चुकत नाही.

पायरी पहिली: काउंटर की कंपनी?

देश निवडण्याआधी काम निवडा. परदेशात रुग्णाच्या हातात औषध द्यायचं असेल, म्हणजे फार्मसिस्ट म्हणून उभं राहायचं असेल, तर परवाना लागतो. खालची सगळी वाटचाल त्यासाठी आहे. औषध कंपनीत फॉर्म्युलेशन, क्वालिटी, रेग्युलेटरी, क्लिनिकल रिसर्च असं काही करायचं असेल, तर बहुतेक ठिकाणी परवान्याचा प्रश्नच येत नाही. तिथे जाऊन मास्टर्स करायचं, मग नोकरी शोधायची. त्यासाठी विद्यापीठाला पदवी चालली म्हणजे झालं. चांगल्या गुणांची चार वर्षांची बी. फार्म. घेऊन आपली मुलं दरवर्षी अशी जातात.

हे दोन रस्ते एकत्र करून बघितले की घोळ होतो. मास्टर्सचं ॲडमिशन मिळालं म्हणजे परवान्याची अर्धी वाट झाली, असं वाटतं. तसं मुळीच नसतं.

पायरी दुसरी: कॉलेजची मंजुरी स्वतः बघा

२०१९ मध्ये पीसीआयने नव्या फार्मसी कॉलेजांवर पाच वर्षांची स्थगिती आणली होती. ती न्यायालयात टिकली नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती अवैध ठरवली. त्यानंतर नव्या कॉलेजांचे अर्ज भराभर आले. म्हणून आता तपासणं जास्त गरजेचं झालंय.

पीसीआयच्या संकेतस्थळावर मंजूर संस्थांची यादी आहे. त्यात कॉलेजचं नाव, अभ्यासक्रम आणि कोणत्या शैक्षणिक वर्षापर्यंत मंजुरी आहे ते बघा. नव्या कॉलेजला आधी अभ्यासक्रम ‘चालवण्याची’ परवानगी मिळते. कलम १२ खालची मंजुरी पुढची गोष्ट, आणि नोंदणीसाठी तीच लागते. तेव्हा कॉलेजमध्ये गेल्यावर विचारायचं ते एवढंच: “कलम १२ चं पत्र बघायला मिळेल का?” चांगलं कॉलेज ते पत्र काढून समोर ठेवतं. याच वेळी पदवी कोणत्या विद्यापीठाची मिळणार तेही विचारा. आपल्या भागातली काही कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी जोडलेली आहेत, काही लोणेऱ्याच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी. पुढे ट्रान्स्क्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या गुणांच्या एकत्रित पत्रासाठी, कलिन्याला जायचं की लोणेऱ्याला, ते यावर ठरतं.

डी. फार्म. करणाऱ्यांना एक वाक्य. दोन वर्षांचा डिप्लोमा इथे नोंदणीसाठी चालतो, पण खाली सांगितलेल्या देशांत फार्मसिस्टच्या परवान्यासाठी पदवीच धरून चला.

पायरी तिसरी: मुलुंड

निकाल लागला की महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषदेकडे नोंदणी करा. परिषदेचं कार्यालय मुलुंड पश्चिमेला, लाल बहादूर शास्त्री मार्गावर, ईएसआयएस हॉस्पिटलच्या आवारात आहे. ठाण्याहून एक स्टेशन. वाशी-नेरूळकडून येणाऱ्यांनी ट्रान्स-हार्बरने ठाणे गाठायचं आणि एक स्टेशन मागे यायचं.

“मला तर बाहेर जायचंय, इथली नोंदणी कशाला?” असं मुलं विचारतात आणि वर्ष-दोन वर्षं घालवतात. अमेरिका आणि ब्रिटन दोघंही विचारतात की तू जिथे शिकलास तिथे फार्मसिस्ट म्हणून नोंदलेला आहेस का. आखाती देशांत तर याशिवाय फाईल हलत नाही. शिवाय परिषदेकडून ‘गुड स्टँडिंग’ प्रमाणपत्र घ्यावं लागतं, म्हणजे तुमच्यावर शिस्तभंगाची कारवाई नाही असं परिषदेने लिहून दिलेलं. ते ताजं लागतं, म्हणून अर्ज भरायच्या सुमारासच मागा. आणि नोंदणीचं नूतनीकरण चुकवू नका, नाव नोंदवहीतून निघू शकतं.

पायरी चौथी: नाव

यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सर्वात जास्त फाईली इथेच अडकतात.

आपल्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. विद्यापीठाच्या मार्कशीटवर शेवटी आईचं नावही येतं. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. आधारवर कधी वडिलांचं नावच नाही. मुलुंडच्या नोंदणीवर आणखी तिसराच क्रम. आपल्याला हे सगळं एकच माणूस वाटतं. टोरोंटोत बसलेल्या माणसाला ती चार माणसं वाटतात.

कळव्याची एक विद्यार्थिनी आठवते. दहावीला आडनाव एका ‘ए’ने, बारावीला दोन ‘ए’नी, पदवीवर पुन्हा एका. आमच्या खोलीतल्या टेबलावर आम्ही तिचे सगळे कागद एकाखाली एक मांडले, पट्टी ठेवून एकेक अक्षर वाचलं आणि लाल पेनाने फरक लिहून काढले. सात कागदांत चार वेगवेगळी नावं निघाली. बारावीच्या दाखल्याची दुरुस्ती, मग एकाच व्यक्तीची नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र, यात तिचे पाच महिने गेले. परदेशी संस्थेला अर्ज करून झाल्यावर हे उघडकीला आलं असतं तर फी भरून फाईल बंद पडली असती.

तेव्हा तिसऱ्या वर्षाला असतानाच एका रविवारी हे काम करा. पट्टी, लाल पेन, सगळे कागद. पासपोर्टवरचं नाव प्रमाण धरा. लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर घरात आधी ठरवा: अर्ज चालू असताना बदलू नका. बदललंच असेल तर विवाह प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नोंद दोन्ही जवळ ठेवा.

पायरी पाचवी: ट्रान्स्क्रिप्ट आणि अभ्यासक्रम

मार्कशीटची झेरॉक्स म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट नव्हे. सगळ्या सत्रांचे विषय आणि गुण एकत्र दाखवणारं, विद्यापीठाने दिलेलं पत्र म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट. परदेशी संस्था बहुतेक वेळा ते विद्यापीठाकडून थेट मागतात, किंवा विद्यापीठाने बंद करून शिक्का मारलेल्या पाकिटात. तुमच्याकडे आलेलं पाकीट उत्सुकतेपोटी फोडलंत की ते बाद. एका मुलाच्या वडिलांनी “आत काय आहे ते तरी बघू” म्हणून कडा सोडवली आणि पुन्हा डिंकाने चिकटवली. सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

मुंबई विद्यापीठाचं काम सांताक्रूझ पूर्वेला कलिना संकुलात होतं. ठाण्याहून किंवा वाशीहून दोन्हीकडून कुर्ला गाठा, तिथून बस किंवा रिक्षा. एका वेळी तीन-चार प्रती मागा. एका देशासाठी निघालेली मुलं दुसऱ्या देशाकडे वळतात, हे मी खूपदा पाहिलंय.

सोबत तुम्ही शिकलात त्या वर्षांचा अभ्यासक्रम, तासांसकट, कॉलेजकडून साक्षांकित करून घ्या. पीसीआयच्या २०१४ च्या नियमावलीने बी. फार्म.ला देशभर एकच सत्रपद्धतीचा अभ्यासक्रम आणला, म्हणून नव्या मुलांना हे सोपं आहे. सातव्या सत्रातलं ‘प्रॅक्टिस स्कूल’ किंवा हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण जे काही केलं असेल, त्याचं तासांची नोंद असलेलं पत्र तेव्हाच्या तेव्हा घ्या. चार वर्षांनी तो इनचार्ज त्या हॉस्पिटलात नसतो.

पायरी सहावी: देशागणिक रस्ता

अमेरिकेपासून सुरू करते, कारण माझी स्वतःची वर्षं त्या खटपटीत वाया गेलीत.

परदेशी पदवीधरांची तपासणी तिथे एनएबीपी ही संस्था एफपीजीईसी नावाच्या समितीमार्फत करते. तिचा नियम असा: १ जानेवारी २००३ नंतर पदवी मिळाली असेल, तर फार्मसीचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा हवा. आपली बी. फार्म. चार वर्षांची. मी पास झाले २००५ साली. ठाणे स्टेशनजवळच्या एका सल्लागार संस्थेने मला सांगितलं, “एम. फार्म. करा, चार अधिक दोन सहा, काम झालं.” मी केलं. वर्षं दिली, वडिलांनी फी भरली. नंतर कळलं की मास्टर्सची वर्षं या पाचात धरत नाहीत. पदवीचा मूळ अभ्यासक्रमच पाच वर्षांचा लागतो. त्या ऑफिसने माझी फी परत केली नाही, आणि चूक झाली असं कोणी म्हटलंही नाही. तेव्हापासून कोणताही नियम मी मूळ संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः वाचल्याशिवाय मुलांना सांगत नाही.

मग अमेरिकेसाठी भारतातून काय चालतं? फार्म. डी. आपल्याकडे हा अभ्यासक्रम २००८ च्या नियमावलीने आला: पाच वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. पण नाव सारखं असलं तरी ही अमेरिकेची फार्म. डी. मानली जात नाही. पदवीचं मूल्यमापन, टोफेल ही इंग्रजीची परीक्षा, एफपीजीईई ही फार्मसीची परीक्षा, त्यातून एफपीजीईसी प्रमाणपत्र, मग त्या-त्या राज्यात इंटर्न म्हणून तास, मग नॅप्लेक्स ही परवान्याची परीक्षा आणि कायद्याची परीक्षा, एवढं सगळं पार करावं लागतं. अमेरिकेत काउंटरवरच उभं राहायचं असं बारावीलाच पक्कं असेल, तर बी. फार्म.ऐवजी फार्म. डी.चा विचार तेव्हाच करा. चार वर्षांनी तो विचार महाग पडतो.

कॅनडा आपल्या बी. फार्म.वाल्यांना जास्त जवळचा. सुरुवात ‘फार्मसिस्ट्स गेटवे’वर नोंदणी करून, मग पीईबीसी या परीक्षा मंडळाकडे कागदांचं मूल्यमापन. त्यानंतर इव्हॅल्युएटिंग परीक्षा, मग क्वालिफाइंग परीक्षेचे दोन भाग. पहिला भाग बहुपर्यायी प्रश्नांचा. दुसऱ्यात खोल्या मांडलेल्या असतात, प्रत्येकीत रुग्णाची भूमिका करणारा माणूस, आणि ठरलेल्या मिनिटांत त्याच्याशी बोलून त्याची अडचण सोडवायची. आपली हुशार मुलं पहिल्या भागात सहज निघतात आणि दुसऱ्यात अडखळतात, कारण चार वर्षांत रुग्णाशी बोलायची सवयच झालेली नसते. माझा सल्ला साधा आहे: शिकत असताना संध्याकाळी दोन तास एखाद्या चांगल्या मेडिकलमध्ये बसा. “ही गोळी जेवणाआधी की नंतर” हे आजींना समजावून सांगायला जमलं, तर तिथेही जमेल. परीक्षेच्या प्रयत्नांना मर्यादा असते, म्हणून ‘एकदा देऊन बघू’ हे नको. पुढे प्रांतानुसार कायद्याची परीक्षा आणि प्रत्यक्ष काम असतं. क्युबेकची पद्धत वेगळी आणि फ्रेंचमधली.

कॅनडाबद्दल आणखी एक. इमिग्रेशनसाठी शिक्षणाचं मूल्यांकन लागतं आणि सगळे डोळे झाकून डब्ल्यूईएस या मूल्यांकन संस्थेकडे पैसे भरतात. परवाना लागणाऱ्या फार्मसिस्टच्या कामासाठी अर्ज करत असाल, तर हे मूल्यांकन पीईबीसीचंच लागतं. शेजारचा इंजिनिअर मुलगा डब्ल्यूईएसवर गेला, म्हणून आपणही, असं करू नका.

ब्रिटनमध्ये जीपीएचसी ही नियामक परिषद. परदेशी फार्मसिस्टांसाठी तिथल्या मोजक्या विद्यापीठांत ओस्पॅप नावाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, त्यानंतर ५२ आठवड्यांचं प्रशिक्षण आणि शेवटी नोंदणीची परीक्षा. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेला चारही भागांत ७ लागतात. सरासरी ७ नव्हे, चारही भागांत. आपल्याकडे लेखनात ६.५ वर अडकणारे पुष्कळ. वर्षभराची परदेशी फी आणि राहणं यात येतं, हे घरी आधी मोकळेपणाने बोला.

ऑस्ट्रेलियासाठी ऑस्ट्रेलियन फार्मसी कौन्सिल कागद तपासते आणि परीक्षा घेते. जुन्या मुलांकडून तुम्हाला ‘काप्स’ हे नाव ऐकू येईल, २०२५ पासून तिची जागा ‘ओप्रा’ परीक्षेने घेतली आहे. जुन्या नोट्स विकत घेताना लक्षात ठेवा. त्यानंतर तिथे इंटर्नशिप.

आखातात परीक्षा तुलनेने सोपी, पण पडताळणी कडक. दुबईला दुबई हेल्थ अथॉरिटी, सौदीला सौदी कमिशन, प्रत्येकाची संस्था वेगळी. परीक्षा बऱ्याच ठिकाणी प्रोमेट्रिकच्या केंद्रांवर होते, म्हणून लोक परीक्षेलाच ‘प्रोमेट्रिक’ म्हणतात. त्याच्याही आधी डेटाफ्लो. ही कंपनी तुमची पदवी, नोंदणी आणि अनुभव ज्याने दिला त्याच्याकडेच चौकशी करून खात्री करते. तुम्ही ज्या मेडिकलमध्ये दोन वर्षं काम केलंत, त्या काकांना ईमेल जातो. काकांनी तो बघितला नाही, तर अहवालात ‘पडताळता आलं नाही’ असा शेरा येतो. म्हणून अर्ज करायच्या आधी त्यांच्याकडे जाऊन बसा, लेटरहेडवर चालू ईमेल आणि फोन आहे ना ते बघा, आणि असा मेल येणार आहे हे सांगून ठेवा. खोटा अनुभव दाखवू नका. तो इथे पकडला जातो, आणि मग ती नोंद पाठ सोडत नाही.

पायरी सातवी: अपोस्टिल की अटेस्टेशन

अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा, करारातल्या देशांत चालणारा शिक्का. भारत २००५ मध्ये अपोस्टिलच्या हेग करारात आला. करारातल्या देशासाठी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल पुरतं. सौदी अरेबिया त्यात २०२२ च्या डिसेंबरात आला, कॅनडा २०२४ च्या जानेवारीत. संयुक्त अरब अमिराती करारात नाही, तिथे दूतावासाचं अटेस्टेशन, म्हणजे साक्षांकन, लागतं. शैक्षणिक कागदांवर मंत्रालयाच्या आधी राज्य पातळीवरचा शिक्का लागतो. हे एजंटमार्फत करून घ्यायला हरकत नाही, पण मूळ पदवी देताना पावती घ्या आणि आधी रंगीत स्कॅन करून ठेवा. देश ठरल्याशिवाय हे करू नका. एका देशासाठी केलेले शिक्के दुसऱ्याला चालतीलच असं नाही.

इंग्रजीची परीक्षाही अशीच घाईने देतात. आयईएलटीएस, टोफेलचे गुण दोन वर्षं धरतात. तिसऱ्या वर्षात दिलेली परीक्षा अर्जाच्या वेळी शिळी झालेली असते. कागदांचं मूल्यमापन मार्गी लागलं की मगच तारीख घ्या, अभ्यास मात्र आधीपासून.

उलट दिशेने विचारणारेही असतात. मुलीने बाहेरच्या देशात फार्मसी केली आणि तिला परत येऊन इथे काम करायचं असेल, तर फार्मसी कायद्याच्या कलम १४ खाली त्या परदेशी पदवीला मान्यता आहे का ते पीसीआयकडे विचारावं लागतं. ते बाहेर प्रवेश घेण्याआधी विचारा, आणि लेखी विचारा.

आत्ता तिसऱ्या वर्षाला असाल तर या रविवारी नावांची यादी करा. शेवटच्या वर्षाला असाल तर प्रशिक्षणाच्या तासांचं पत्र मागा. पास झाला असाल तर मुलुंडचा अर्ज भरा, आणि येताना त्याची पोच एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळ्यात वर लावा.